पृथ्वी फिरते ते बघायला महाळुंग्याला

लोक काश्मीरला जाऊन येतात आणि दल सरोवराचं वर्णन लिहितात. मी महाळुंग्याला जाऊन आलो. पुण्याहून सकाळी निघालेला माणूस रमतगमत गेला तरी दिवस मावळायच्या आत तिथे पोचतो. तिथे सरोवर नाही, बर्फ नाही, बघण्यासारखं देऊळही नाही. पण तिथे मी पृथ्वी फिरताना पाहिली. काश्मीरहून आलेल्यांपैकी एकालाही ती दिसलेली नाही. मी विचारून पाहिलंय.

आधी मी कोण ते सांगतो. मी बार्शीकडचा. वडील भाड्याची बैलगाडी हाकतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला आणि बी.एस्सी. होऊनच खाली उतरलेला पहिला माणूस मी. हे मी कुणी न विचारताही सांगतो, कारण विचारायची वाट बघत बसलो तर पुण्यात कुणी विचारत नाही. सध्या मी तिथल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर आहे, आणि बर्वे सर माझे वरिष्ठ.

बर्वे सरांचं संशोधन ध्वनिलहरींवरचं. ते परदेशातल्या नियतकालिकांत छापून येतं आणि आमच्या कॉलेजात त्याबद्दल फार आदर आहे, म्हणजे ते कुणी वाचत नाही. सरांचा खरा जीव मराठी पुस्तकांत. वारा, उजेड, उष्णता अशी छोटी छोटी पुस्तकं ते लिहितात, आणि त्याबद्दल इतर प्राध्यापक त्यांची चेष्टा करतात. "काय बर्वे, यंदा पोरांसाठी काय?" सर म्हणतात, "यंदा पृथ्वी."

पुस्तकाच्या बाबतीत त्यांचे दोन हट्ट. एक, जो प्रयोग स्वतः केला नाही तो लिहायचा नाही. दोन, तो खेड्यात, खेड्यातल्या माणसांसमोर जमला पाहिजे. "सहज दिसून येईल" हे शब्द त्यांना खपत नाहीत. माझ्या टिपणात एकदा ते सापडले तेव्हा म्हणाले, "शिंदे, कुणाला सहज दिसून येईल? नाव सांगा."

आता पृथ्वी फिरते हे दाखवायचा एक प्रयोग आहे. उंचावरून लांब तारेने जड गोळा टांगायचा आणि त्याला झोका द्यायचा. झोक्याची रेघ तासातासाला थोडी थोडी वळत जाते. शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच शास्त्रज्ञाने तो मोठ्या घुमटाखाली केला. सरांना घुमट कुठला मिळायला! वारा लागणार नाही आणि तार लांब सोडता येईल अशी जागा हवी होती. तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतले शिपाई काळूराम म्हणाले, "सायेब, आमच्या भावकीत एक कोरडी विहीर हाय. सहा परस खोल. वारा तर न्हाईच, पानीबी न्हाई." परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. सर खुर्चीवरून उठलेच. "अहो काळूराम, हा उलटा घुमटच की!"

काळूरामांनी गावी निरोप धाडला, आणि वैशाखाच्या सुट्टीत सर आणि मी निघालो.

पिंपरी

पिंपरीला उतरायचं काही कारण नव्हतं. पण वाटेत खाण्यासारखं काही असेल तर गाडी सोडावी, खाणं सोडू नये, असं सरांचं मत आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची तिथे मोठी वसाहत झाली आहे. बराकींच्या रांगा, आणि प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक दुकान. एका दुकानात आम्ही जाड सुताचं बंडल घेतलं आणि शेजारच्या गाड्यावर दाल-पकवान खाल्लं. पकवान म्हणजे पुरीसारखंच, पण असं कडक की आमच्या बार्शीची वाळवलेली भाकरी त्याच्यापुढे मऊ म्हणायची. वर हरभऱ्याची डाळ आणि चिंचेची चटणी. सरांनी दोनदा घेतलं.

सूत कशाला, असं दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईने विचारलं. आमच्याकडे दुकानात आलेल्या परक्या माणसाला बायका असं काही विचारत नाहीत. तिने आधी पापड आणि पाण्याचा पेला पुढे केला आणि मग विचारलं. सरांनी आपल्या हिंदीत सांगितलं की पृथ्वी फिरते हे दाखवायचं आहे. म्हातारी म्हणाली, "घूमती है, बेटा. हमने देखा है." आणि पेला विसळायला आत गेली.

देहूरोड

देहूरोडच्या बाजारात भंगार मिळतं हे मला ठाऊक होतं. लष्कराची वस्ती जिथे असते तिथे भंगाराला तोटा नसतो. एका दुकानात आम्हाला हवा तसा गोळा सापडला. ओतीव लोखंडाचा, अगदी वाटोळा, वर कडी. मूळचा कशाचा होता ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. वजन अर्धा मण तरी असेल. तो मी पोत्यात घालून खांद्यावर मारला. बी.एस्सी. झालं की ओझी उचलावी लागत नाहीत असं वडील म्हणायचे. त्यांना हे कळवलेलं नाही.

बाजाराबाहेर एका जवानाने आम्हाला हटकलं. दारूगोळ्याच्या कोठारांच्या गावात एक माणूस खांद्यावर पोतं घेऊन चाललाय आणि पोत्यात वाटोळं, जड असं काहीतरी आहे, म्हटल्यावर त्याने हटकायलाच हवं.

"इसमें क्या है?"

"लोखंडी गोळा," सर म्हणाले. मला वाटलं आता संपलंच.

मग सरांनी त्याला छत्री उलटी धरून, तिच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा बांधून, पृथ्वीचं भ्रमण समजावायला घेतलं. पहिल्यांदा तो संशयाने ऐकत होता, मग आदराने, आणि मग घाईने. शेवटी त्यानेच पोतं उचलून माझ्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाला, "जाइए साब, जाइए." सर वाटेत हळहळत होते. "मुद्द्याचं तर राहूनच गेलं हो, शिंदे."

तळवडे ओलांडून

स्टेशनाबाहेर बैलगाडी उभी होती. गाडी घेऊन आलेले नामदेव पन्नाशीचे, मोठ्या मिशांचे गृहस्थ, काळूरामांच्या भावकीतले. बैल चांगले पोसलेले होते. बैलांच्या बाबतीत मला काही शिकवू नका, माझं बालपण बैलांच्या शेपटीमागे गेलं आहे. नामदेवांनी ते ओळखलं आणि तळवडं येईपर्यंत कासरा माझ्या हातात दिला.

तळवड्याच्या पुढे इंद्रायणी उतारातून ओलांडली. वैशाखातली नदी, बैलांच्या गुडघ्याला पाणी लागलं म्हणायचं. पलीकडे माळ, मध्येच आमराई, कांदा काढून मोकळी झालेली शेतं. आमच्याकडची जमीन काळी आणि सपाट. इथे ती जागोजाग उताणी पडल्यासारखी वर येते आणि खालचा खडक दिसतो.

सरांनी विचारलं, "विहीर तुमचीच का?"

"न्हाई सायेब. माझ्या वैनीची. भाऊ वारला माझा. विहीर त्यानं खनली." नामदेवांनी बैलांना उगाच हाकारलं. "वैनी माझ्यासंगं बोलत न्हाई. पन पाव्हन्यांसंगं बोलंल."

"का बोलत नाहीत?" असं विचारणं बरं नव्हे, पण मी विचारलं.

"विहीर खंदताना म्या म्हनलं व्हतं, दादा, हितं पानी न्हाई."

"मग?"

"न्हाई लागलं. तवापासनं."

महाळुंगे

भागूबाई दारातच उभ्या होत्या. उंच, वाळकुड्या, आवाज मात्र दहा घरांना पुरेल असा. नामदेवांचं आणि त्यांचं घर समोरासमोर, मध्ये अंगण. नामदेवांनी गाडी आपल्या बाजूला सोडली आणि मला म्हणाले, "मास्तर, त्यांला सांगा, पाव्हनं पोचवलं." भागूबाई चार पावलांवर होत्या. त्याही मलाच म्हणाल्या, "मास्तर, त्यांला सांगा, दिसतंय मला." पुढचे दोन दिवस हे काम माझ्याकडेच होतं. बी.एस्सी.चा उपयोग होतो तो असा.

जेवायला मासवडी होती. तिचे काप बघून सर जरा बावरले, आणि मीही त्यांच्याकडे बघू लागलो, कारण तुकडे हुबेहूब माशाचे. भागूबाई हसल्या. "खावा सायेब. बेसनाचं हाय. आत तीळ-खोबरं. नाव तेवढं माशाचं." झणझणीत रश्श्याबरोबर सरांनी ती खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढत खाल्ली, आणि पुन्हा मागितली.

हात धुवायला मात्र एकच तांब्या. आमच्या बार्शीलाही उन्हाळ्यात पाणी जपून वापरतात, पण इथे कारण वेगळं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. नामदेवांच्या विहिरीला पाणी होतं, सगळी वस्ती तिथे भरत होती. भागूबाई तेवढ्या दोन शेतं ओलांडून ओढ्यातल्या झऱ्यावर जात. दिराच्या विहिरीची पायरी त्या चढत नसत.

सकाळी विहीर पाहिली, अंगणाला लागूनच होती. घुमट उलटा ठेवल्यासारखीच. सर काठावर उभे राहून टाळ्या वाजवून प्रतिध्वनी ऐकत होते, खूश होते. तिथे यल्लाप्पा नावाचे सुरुंगवाले पहार घेऊन बसले होते. भागूबाईंनी त्यांची ओळख करून दिली. विहिरीच्या तळाशी आडवा सुरुंग लावून एका अंगाला खडक फोडायचा, पाण्याची शीर सापडली तर सापडली. यल्लाप्पांचा तळ परवा हलणार होता. दारू एका सुरुंगापुरतीच उरली होती.

"ह्या खेपंला लागलं तर लागलं," भागूबाई म्हणाल्या. "न्हाई तर बुजवून टाकनार. रोज उठून ते कोरडं तोंड बघवत न्हाई. मालकांनी हाडं झिजवून खनली वो ती."

"कुठल्या बाजूला लावणार सुरुंग?" सरांनी विचारलं.

त्या सरांकडे बघून नुसत्याच हसल्या. ते हसू त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

आम्ही कामाला लागलो. बाभळीचे दोन ओंडके विहिरीवर आडवे टाकले, मधोमध पकड बसवली, पुण्याहून आणलेली तार सोडली, तळाशी गोळा लटकला. गोळ्याखाली मी खिळा बांधला. तळ झाडून भागूबाईंनी रांगोळीचं मोठं वर्तुळ घातलं, चांगलं उंच बांधासारखं, म्हणजे खिळा जाईल तिथे रांगोळी कापली जावी. हात इतका बसलेला की कंपासची गरज नव्हती.

पहिला झोका मी हाताने दिला आणि घोटाळा झाला. गोळा सरळ जायचं सोडून लांबट वळसे घेऊ लागला. सर वरून ओरडले, "शिंदे, ढकललात! ढकलायचा नाही, सोडायचा!" मग गोळा पिंपरीच्या सुताने एका बाजूला ओढून बांधला, होकायंत्र लावून बरोबर उत्तरेला, आणि सूत काडीने पेटवलं. सूत जळालं, तुटलं, आणि गोळा असा काही निघाला की काठावर जमलेली सगळी वस्ती एकदम पुढे वाकली. कुणीतरी नारळ फोडला. सरांना ते कौतुक वाटलं.

तोवर समजावून सांगायला सरांनी भागूबाईंचं जातं अंगणात मागवलं. जात्याच्या वरच्या तळीवर काटक्यांची तिकाटणी उभी करून तिला दोऱ्याने खडा टांगला, खड्याला झोका दिला आणि जातं हळूहळू फिरवलं. जातं वळलं, तिकाटणी वळली, पण खडा आपल्या रेघेतच झुलत राहिला. भागूबाई वाकून बघत होत्या.

"म्हंजी खडा वळत न्हाई. जातं वळतंय."

"बरोबर! आणि जात्यावर मुंगी बसली असेल तर?"

"तिला वाटंल, खडाच वळला."

सर माझ्याकडे वळले. चेहरा असा, जणू त्यांना कुणी पदक दिलंय. "शिंदे, हे वाक्य जसंच्या तसं पुस्तकात."

दुपारभर आम्ही तासातासाला खाली उतरून रांगोळी बघत होतो. रेघ चार-पाच बोटं सरके, देवाला प्रदक्षिणा घालतात त्या दिशेने. उत्तरेचं टोक हळूहळू पूर्वेकडे चाललं होतं. मी एम.एस्सी.ची पुस्तकंही चाळली आहेत, त्यात हे सगळं लिहिलेलं आहे. पण त्या विहिरीच्या तळाशी उभं राहून पायाखालची जमीन वळतेय हे डोळ्यांनी बघणं, ते वेगळंच. मी भिंतीला हात टेकला, उगाचच.

उन्हं कलल्यावर आम्ही चहा घेऊन परत आलो, तर विहिरीच्या भिंतीवर चुन्याचा ठसठशीत गोल होता. मध्ये हळदकुंकू. त्याच्याखाली यल्लाप्पा पहार लावायच्या बेतात.

"हे काय?" सर म्हणाले.

"खूण," भागूबाई म्हणाल्या. "तुमच्या गोळ्यानं दावली ती. उत्तरंला निघाला आन् ईशान्येकडं सरकला. पानी ईशान्येलाच असतंय. लई पानाडे बघितले सायेब, नारळवाले, काटकीवाले. दिवसभर राबून दाखवनारा तुमीच पयले."

हे मात्र आमच्या डोक्यात आलं नव्हतं. या भागात विहीर खणायची तर आधी पाणी दाखवणारा पाणाड्या आणतात. कुणी तळहातावर नारळ ठेवून रानात हिंडतो, कुणाच्या हातात बेचक्याची काटकी, कुणाच्या दोरीला काहीतरी लटकावलेलं. मग पुण्याहून आलेला माणूस कोरड्या विहिरीत तार सोडून गोळा टांगतो म्हटल्यावर दुसरं काय समजणार! आणि ईशान्य ही पाण्याची दिशा, हे तर माझी आईसुद्धा सांगते.

सर पार गोंधळले. "अहो बाई, तो जेवढा ईशान्येला जातो तेवढाच नैर्ऋत्येला जातो ना!"

"नैर्ऋत्येचं ऱ्हाऊं द्या. तिकडं काय नसतंय."

"पण पाण्याशी त्याचा काही संबंधच नाही! पाणी असो, नसो, तो असाच वळणार. तुम्हीच म्हणालात, जातं वळतंय."

भागूबाईंचा चेहरा उतरला. सगळी वस्ती बघत होती. त्या यल्लाप्पांना म्हणाल्या, "थांबा जरा." मग सरांकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला होता. "पानी असल्याली विहीर असंल, तरी असाच वळंल?"

"असाच."

"दावा."

सर म्हणाले, "दाखवतो," आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पाणी असलेली विहीर वस्तीत एकच आहे. भागूबाई क्षणभर समोरच्या घराकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मास्तर, त्यांला इचारा, विहीर द्याल का म्हनावं, उंद्या सकाळी."

नामदेव आपल्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. "मास्तर, त्यांला सांगा," ते म्हणाले, "विहिरीला दार न्हाई."

नामदेवांची विहीर

सकाळी बायकांचं पाणी भरून झाल्यावर ओंडके तिकडे नेले. तळाशी पाणी, तेव्हा रांगोळीचा प्रश्न नव्हता. सरांनी युक्ती काढली: विहिरीच्या तोंडावर, झोक्याच्या बरोबर वर, एक दोरी उत्तर-दक्षिण ताणून बांधायची. गोळा दोरीखालून सुटेल, आणि वळला तर दोरी सोडून जाताना वरूनच दिसेल. सूत पेटवलं. गोळा पाण्यावरून आरपार जाऊ लागला; खाली त्याचं प्रतिबिंबही जात होतं.

आता वाट बघण्याखेरीज काम नव्हतं. वस्ती काठाला बसली. कुणी शेंगा आणल्या, कुणी कैऱ्या. भागूबाई लांब लिंबाखाली उभ्या होत्या. एक बाई म्हणाली, "अगं भागूआक्का, हितनं दिसतंय, ये की." त्या आल्या नाहीत. तास गेला, दुसराही गेला. मग त्यांनाच राहवेना. पदर खोचून त्या सरळ आल्या आणि दिराच्या विहिरीची पायरी चढल्या. सगळ्यांनी ते पाहिलं आणि सगळ्यांनी शेंगांकडे बघितलं.

त्या वाकल्या. गोळा दोरीखालून निसटला होता. ईशान्येकडे, कालच्यासारखाच.

"मास्तर, त्यांला इचारा," त्या म्हणाल्या, "ह्या विहिरीला पानी कुठनं येतंय?"

"पश्चिमेनं," नामदेव म्हणाले. "समद्यांला म्हाईत हाय."

म्हणजे पाणी पश्चिमेला आणि गोळा ईशान्येला. आता शंकेला जागा उरली नाही. पाच-दहा माणसं उठून गेली. पाणाड्या खोटा निघाला म्हटल्यावर बसायचं कशाला? मला सरांचा राग आला. एवढं खरं बोलायची गरज होती का? चुना होता, नारळ फुटला होता, त्या माउलीने मनाशी काहीतरी धरलं होतं.

भागूबाई काठावरच बसल्या. "मग सुरुंग कुठं लावू?"

सर त्यांच्याशेजारी, त्याच पायरीवर बसले. छत्री मांडीवर. "मला माहीत नाही, बाई."

"अंदाजानं सांगा."

"अंदाजही नाही. मी आवाजाचा अभ्यास करतो. पाण्यातलं मला काही कळत नाही."

खाली गोळा जात-येत होता. भागूबाई सरांकडे निरखून बघत होत्या, जणू असा माणूस त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मग अचानक नामदेव खाकरले.

"मास्तर, त्यांला सांगा... म्या बी अंदाजानंच म्हनलं व्हतं."

"काय?" मी विचारलं.

"हितं पानी न्हाई, म्हनलं व्हतं ना दादाला. मला तरी काय म्हाईत व्हतं? तोंडाला आलं, म्हनलं. खरं निघालं, मंग वाटलं आपल्याला कळतंय."

भागूबाई उठून उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या दिराशी थेट बोलल्या, आणि त्या आवाजाने विहिरीतले पारवे उडाले.

"मंग दोन वर्सं मिशा कशाला पिळल्यास रं?"

नामदेवांचा हात मिशीवरच होता. तो खाली आला. पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही, बहुतेक यल्लाप्पा. मग सगळेच हसले. नामदेवही हसले, आणि शेवटी, पदर तोंडाला लावून, भागूबाई.

हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि हिशेबी आवाजात म्हणाल्या, "सायेबांला म्हाईत न्हाई. ह्याला म्हाईत न्हाई. मला तर न्हाईच. यल्लाप्पा, तुमाला?"

"न्हाई अक्का. आमी नुसतं फोडतो."

"मंग चुना वाया कशापायी घालवायचा? खूण हाय तितंच लावा."

सर माझ्या कानाशी म्हणाले, "शिंदे, यात तर्काची चूक सापडते का हो तुम्हाला?" मला सापडली नाही. त्यांनाही नाही.

चाकण

दुसऱ्या दिवशी सकाळी बार उडाला. आम्ही सगळे नामदेवांच्या गोठ्यामागे लपलो होतो. जमीन हादरली, धूर वर आला, दगड पत्र्यावर पडले. धूर निवल्यावर यल्लाप्पा उतरले आणि वर येऊन म्हणाले, "फुटलंय चांगलं. ओल हाय. घामासारखी. बाकी काय सांगता येत न्हाई." भागूबाई म्हणाल्या, "बरं." तेवढंच.

नामदेवांनी आम्हाला चाकणला एस.टी.वर सोडलं. चाकणच्या बाजारात कांद्याच्या राशी अशा की गल्लीतून चालताना डोळे चुरचुरतात. सरांनी एक पिशवी भरून कांदे घेतले आणि पिशवी एस.टी.च्या टपावर ठेवली. ती वाटेत फुटली आणि मोशीपर्यंत रस्त्यावर आमचे कांदे होते. गोळा मात्र आम्ही आणला नाही. निघताना भागूबाई म्हणाल्या होत्या, "तेवढा ऱ्हाऊं द्या. येनाऱ्या-जानाऱ्याला जातं दावीन."

पुन्हा एकदा

हे सगळं लिहिण्याचं कारण पुढे आहे.

पंधरा-वीस दिवसांनी काळूराम धावतच प्रयोगशाळेत आले. "सायेब, पानी लागलं! गुडघाभर! ईशान्येनं!" सर फळ्यापाशी होते. हातातला खडू तसाच धरून ते स्टुलावर बसले. आनंद झाला होता, पण चेहरा मात्र पेपरात गणित चुकलेल्या विद्यार्थ्यासारखा. "आता कोण विश्वास ठेवणार हो, शिंदे?"

त्यांचं खरं ठरलं. आठवड्याच्या आत कॉलेजच्या फाटकाशी माणसं यायला लागली. भोशाचे, खेडचे, तळेगावकडचे. डोक्याला पटके, हातात नारळ. "गोळेवाले सायेब हितंच बसत्यात का?" सर मागच्या दाराने ये-जा करू लागले. प्राचार्यांनी विचारलं, हे काय चाललंय; इतर प्राध्यापकांच्या आनंदाला पारावार उरला नाही. सर प्रत्येकाला बसवून समजावत. प्रत्येक जण मान डोलावून ऐके आणि शेवटी विचारी, "मंग कवा येताय?"

अखेर सरांनी मला महाळुंग्याला धाडलं. "भागूबाईंना सांगा, त्यांनीच आता काहीतरी करावं. त्यांचं लोक ऐकतील."

गेलो. भागूबाईंच्या विहिरीवर ओंडके पुन्हा बसवले होते, गोळा टांगलेला, खाली पाण्यात त्याची सावली. भागूबाई नामदेवांच्या ओट्यावर बसून कांद्याची पात निवडत होत्या आणि समोर तीन परके गृहस्थ बसले होते, पांढऱ्याशुभ्र धोतरांतले, शेजारी नारळांची टोपली. महाळुंग्याच्या विहिरीची कीर्ती ऐकून आले होते. पुण्याच्या सायेबांना आमच्या गावाला पाठवा, असं त्यांचं म्हणणं. मी तोंड उघडायच्या आत भागूबाईंचा आवाज चढला.

"किती डाव सांगू? लई मोठा मानूस हाय त्यो. पिरथवी फिरती ती डोळ्यानं दावतोय. पन पान्यातलं त्याला ओ की ठो कळत न्हाई!"

"असं कसं, आक्का," त्यातला एक म्हणाला. "तुमच्या विहिरीला लागलं की."

"लागलं ते लागलं. त्याला कळत न्हाई म्हंजी न्हाई." त्यांनी पातीची जुडी ओट्यावर आपटली. "मी सोता इचारलंय त्यांला."